रमणच्या नावापुढे काय लिहायचं

वनिता,

गेल्या आठवड्यात तुझं बारावं झालं. तुमच्या अंगणात मांडव घातला होता आणि मी बायकांच्या पंगतीत डाळ वाढत होते. तुझ्या शाळेतल्या नव्या बाई पानावरून वर बघत म्हणाल्या, "तुमच्या दोघींचा तो ब्लॉग आता बंद पडणार का हो?" मी म्हटलं, "ब्लॉग तिचा आहे. मी फक्त शीर्षकं नीट दिसतात की नाही ते बघायचे." त्यांना वाटलं मी विनयानं बोलतेय. तू असतीस तर फणकारली असतीस, "फक्त काय फक्त? शीर्षकावरून तर आपण सगळ्यात जास्त भांडलो!"

तू कुठे शिकलीस, कुठल्या शाळांवर होतीस, मुलांना कसा जीव लावायचीस, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, आणि पुन्हा बसले. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि ते पुरं करायला तू यायला हवं होतंस.

कॉलेजात आपण एका बाकावर बसायला लागलो तेव्हापासून तू मला समुद्रावरून टोचायचीस. मी धाकट्या डहाणूची. माझ्या बाबांची स्वतःची होडी, पहाटे खाडीतून बाहेर पडायचे आणि जेवायला घरी असायचे. तुझ्या पाड्यावरून समुद्र दिसतही नाही. पण तिथले पुरुष पावसाळा उतरला की गाडीत बसून गुजरातेत जातात, तिकडच्या शेठच्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून, आणि उन्हाळा संपेपर्यंत परत येत नाहीत. "मेघा, तुमच्याकडे समुद्र घरचा आहे," तू म्हणायचीस. "आमच्याकडे ती नोकरी आहे." मी तेव्हा हसायचे.

लहानू, तुझा धाकटा भाऊ, असाच गेला होता. भर समुद्रात हद्द कुठे असते हे पाण्यावर दिसत नाही, आणि मासा हद्द ओळखत नाही. त्याची बोट पलीकडच्यांनी धरली आणि सगळ्यांना पाकिस्तानच्या तुरुंगात नेलं. ही बातमी शेठच्या मुनिमानं फोन करून दिली, गुजरातीत. तू शाळेत होतीस, फोन तुझ्या आईनं घेतला. तिला "बोट पकडाई गई" एवढंच कळलं, आणि तिला वाटलं नुसती बोटच पकडली, म्हणजे पोरं सुटली असतील. संध्याकाळी तू घरी आलीस तेव्हा तिनं तुला तेच सांगितलं. बोट पकडली, पोरं येतील आता. तुला तिला खरं काय ते समजावावं लागलं. ती संध्याकाळ तू मला एकदाच सांगितलीस, पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

मग पेपरात आलं, तालुक्यातले खलाशी पकडले. नावं नव्हती. त्यानंतर कुठूनशी एक यादी मोबाइलवर फिरत आली, तिच्यात लहानूचं नाव चुकलेलं, बापाचं नाव भलत्याच माणसाचं. तू ती यादी घेऊन डहाणू रोडला माझ्या दुकानात आलीस. बाहेर ऑनलाइन फॉर्म भरायची रांग लागली होती. तू रांग ओलांडून आत आलीस, स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "मला नावं लिहायला जागा पाहिजे. अशी जागा, की कुणालाही कुठूनही दिसेल आणि कुणी चुकीचं लिहिलं तर मला दाखवता येईल."

मी तुला फुकटातला एक ब्लॉग उघडून दिला. त्यात किती गुंतायचंय याची दोघींनाही कल्पना नव्हती.

पहिलं शीर्षक तू घातलंस: लहानू बारक्या, आईचं नाव सोमी, डोंगरीपाडा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत हजर. मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास.

"हे काय आहे? लहान झालाय."

"काय लहान झालंय?"

"नाव वाच ना."

मी वाचलं. खरंच 'लहान' दिसत होतं. ब्लॉगची थीम, म्हणजे पानाचा तयार साचा, इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला. शीर्षकाच्या ओळीची उंची इतकी कमी, की अक्षराखालचा उकार कापला जात होता. शिवाय अक्षरांमध्ये थोडी फट सोडायची फॅशन होती त्या थीममध्ये, त्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटलेली, नाव दातपडक्यासारखं. आणि दोन ओळींच्या पुढे शीर्षक गेलं की तीन टिंबं. त्या तीन टिंबांत तुझी आईही गेली होती आणि तुझा पाडाही.

मी थीमचा कोड उघडला. तू माझ्या खांद्यावरून बघत होतीस. मी शीर्षकाच्या ओळीची उंची वाढवली, अक्षरांमधली फट शून्यावर आणली, शीर्षक तोडणारी ओळच काढून टाकली.

"यात लहानूचं नाव कुठे आहे?" तू विचारलंस.

"इथे नावच नाही. नाव कसं दिसायचं एवढंच इथे आहे. नाव तुझ्या लेखात असतं, हा कोड ते उचलून पानावर ठेवतो."

"म्हणजे इथे एकदा नीट केलं की सगळ्यांची नावं नीट?"

"सगळ्यांची."

मग म्हणालीस, "बरं झालं. कारण अजून खूप जण आहेत."

तेव्हापासून तुझे रविवार गेले. स्कूटर काढून तू पाड्यापाड्यांवर जायचीस, उधव्याकडे, रानशेतपर्यंत, ज्यांचा माणूस तिकडे अडकलाय त्यांच्या ओट्यावर बसायचीस. प्रत्येक माणसाचा एक लेख. तो कसा चालतो, काय खायला आवडतं, तारपा वाजला की नाचायला पहिला उठतो की लाजतो. आणि शीर्षकात नेहमी नाव, बापाचं नाव, आईचं नाव, पाडा. मी तुला कितीदा म्हटलं असेन, एवढं लांब शीर्षक कुणी ठेवत नाही, मोबाइलवर अर्धा पडदा त्यातच जातो. तुझं उत्तर ठरलेलं: "जाऊ दे की. त्यांचा अख्खा माणूस गेलाय."

कधीतरी पत्रकार यायला लागले, गुजरातेतले खलाशांसाठी धडपडणारे लोक यायला लागले. एका नव्या यादीत लहानूचं नाव उकारासकट बरोबर छापून आलं. तू मला दुकानात येऊन पेढा भरवलास, भाऊ सुटल्यासारखा. मी म्हटलं, अगं, यादीच आहे ही, सुटका नाही. तू म्हणालीस, "असू दे. आता सुटायचं झालं तर तोच सुटेल, त्याच्या नावाचा दुसरा कुणी नाही." मी त्या दिवशी तुझ्याकडे बघून जे शिकले ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते, दुकानात फॉर्म भरताना आता मी प्रत्येकाला नाव दोनदा विचारते.

रंगांची कल्पनाही तुझीच. पहिली तुकडी सुटून आली तेव्हा तू म्हणालीस, जो आला त्याचा लेख काढायचा नाही, पण शीर्षकातच कळलं पाहिजे. मी लेबलं करून दिली. लेखाला 'तिकडे' असं लेबल असेल तर कोड शीर्षकाच्या आधी लाल अक्षरांत 'अजून तिकडे' असं आपोआप लावायचा. 'घरी' असं लेबल असेल तर हिरव्या अक्षरांत 'घरी आला'. तू लेबल बदललंस की रंग बदलायचा. तुला त्याचं फार कौतुक. आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लांब गेलं. पाड्यांवरच्या ज्या बायकांना अक्षर वाचता येत नाही, त्या कुणाच्या तरी मोबाइलवर ते पान उघडायला लावायच्या आणि रंग बघायच्या. तू मला सांगितलंस, हातपंपावर आता बायका 'हिरवं झालं का' असं एकमेकींना विचारतात.

मग रमण.

रमण लहानूच्याच बोटीवरचा. त्याची बायको जानकी, तुमच्या शेजारच्या पाड्यावर राहणारी. रमण तिकडच्या तुरुंगात वारला, असा निरोप आला. कशानं, कधी, काही नाही. तू मला फोन करून एवढंच सांगितलंस. मी कोड उघडून बसले. म्हटलं, तिसरं लेबल करावं लागेल. काळ्या अक्षरांत काहीतरी. तू म्हणालीस थांब.

तू जानकीकडे जाऊन आलीस. ती ऐकायलाच तयार नव्हती. ती म्हणाली, कागद आलाय, माणूस कुठं आलाय? माणूस दाखवा, मग बोला. तू मला म्हणालीस, "लाल काढ. पण दुसरं काही लावू नको."

"कोरं ठेवलं तर लोकांना वाटेल कोड बिघडला."

"वाटू दे."

"अगं, नावाआधी नुसतीच जागा सुटेल. वाईट दिसेल."

"दिसू दे. तिथे काहीतरी यायचंय अजून."

मी लेबल नसेल तर काही न दाखवायची एक ओळ कोडात घातली आणि तुझ्या हट्टापायी नावाआधीची ती मोकळी जागा तशीच ठेवली. कितीतरी महिने सगळ्या लाल-हिरव्या शीर्षकांमध्ये रमणचं नाव थोडं आत सरकलेलं, एकटं दिसायचं.

दिवाळीनंतर रमण आला. सरहद्दीवरून विमानानं मुंबईला आणि तिथून रुग्णवाहिकेनं. तू मला बोलावून घेतलंस. भर दुपारी पाड्याच्या तोंडाशी गाडी थांबली, पुढे रस्ता नव्हता. पुरुषांनी पेटी खांद्यावर घेतली. प्लायवूडची पेटी, वर खिळे, आणि इंग्रजीत मार्करनं लिहिलेलं नाव. तू ते वाचलंस आणि जागच्या जागी उभी राहिलीस. रमणच्या जागी भलतंच काहीतरी. आईचं नाव नाही, पाडा नाही.

"पेन आहे का?" तू ड्रायव्हरला विचारलंस.

"मॅडम, सही नंतर करायची आहे, आधी–"

"सही नाही. पेन."

त्यानं दिलं. तू पुरुषांना थांबवलंस. खांद्यावर पेटी, ऊन डोक्यावर, आणि तू टाचा उंचावून त्या चुकलेल्या नावाखाली मराठीत सगळं लिहून काढलंस, एकेक अक्षर गिरवत, कारण प्लायवूडवर पेन उमटत नव्हतं. मी तुझ्या मागे उभी होते. शिरोरेषा तू सरळ ओढलीस.

सोबत आलेल्या माणसानं सांगितलं होतं की पेटी उघडू नका, फार दिवस झालेत. जानकी म्हणाली, उघडा. तिला बायकांनी धरलं, ती सुटली. पुरुषांनी पायाकडची फळी थोडी उचलली. रमणच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून दुसऱ्या बोटावर चढलेली, हे तुझ्या लेखातही आहे. जानकीनं वाकून बघितलं. तो वास, वनिता. मला तोंडावर पदर धरूनही उभं राहवेना, आणि ती तशीच वाकून बघत होती. मग ती म्हणाली, "तोच हाय," आणि स्वतःच ती फळी खाली दाबली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तू दुकानात आलीस. बसायच्या आधीच म्हणालीस, "रमणला हिरवं कर."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "हिरवं? 'घरी आला'?"

"आला ना घरी? तू होतीस तिथे."

"वनिता, ते जिवंत परत आलेल्यांचं आहे."

"असं कुठे लिहिलंय? 'घरी आला' एवढंच लिहिलंय."

मी बाहेरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मला खरंच राग आला होता. मी म्हटलं, उद्या कुणी बातमी करायला बसेल, तो हिरवी शीर्षकं बघेल आणि म्हणेल, एवढे परतले. त्यात रमण असेल. तो तिथे मेला, कसा मेला ते कुणी सांगितलं नाही, महिनोन्‌महिने पडून राहिला, हे सगळं पुसलं जाईल. आणि ते दुसऱ्या कुणी नाही, तू पुसलेलं असेल. तुझ्या ब्लॉगवर.

"लेखात लिहिलंय मी सगळं."

"लेख कोण वाचतं? लोक शीर्षक वाचतात."

"पाड्यावर शीर्षकसुद्धा कुणी वाचत नाही, मेघा. रंग बघतात."

"मग काळा करते. वेगळा रंग. त्यांनाही कळेल."

तू एकदम थंड आवाजात म्हणालीस, "त्याच्यासाठी वेगळा रंग कशाला? जिवंत होता तोवर बाकीच्यांसारखा होता. आता मेला म्हणून त्याला वेगळं बसवायचं?"

मला तुझं म्हणणं पटलं नव्हतं. मी म्हटलं, खोटं दाखवणारा कोड मी लिहिणार नाही. तू म्हणालीस, लेबल काय मला स्वतःला लावता येत नाही? येत होतं तुला. एक क्लिक होती. तरी तू लावलं नाहीस, हे मी रोज ब्लॉग उघडून बघत होते. तू माझी वाट बघत होतीस, असं मला वाटतं. मी तुझी.

आपण एकमेकींशी बोलायचं टाकलं नव्हतं. तू शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो पाठवलेस, मुलांना पानाफुलांचे मुकुट घातलेले. मी बाबांनी आणलेल्या बोंबलांचा फोटो पाठवला. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "संक्रांत झाली की ये एकदा. समोरासमोर भांडू. फोनवर तू लवकर जिंकतेस." मी म्हटलं, येते. तुझ्या आवाजात हसू होतं.

संक्रांतीनंतर तू शाळेतून घरी निघालीस आणि तलासरीजवळ महामार्ग ओलांडताना ट्रकनं तुला उडवलं. त्यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तुझी आई बाकावर बसली होती. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "लहानूला कळवायचं कसं?" तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. तुझ्याबद्दल तिला सगळं दिसत होतं.

लहानूला अजून कळवलेलं नाही. पत्र पोहोचतं की नाही कुणाला ठाऊक, आणि पोहोचलंच तर ते त्याला तिथे, चार भिंतींत, एकट्यानं वाचावं लागेल. तुझी आई म्हणते कळवा. तुझे काका म्हणतात आल्यावर सांगू. तू असतीस तर कुणाचं ऐकलं असतंस ते मला सांगता येत नाही. तुझं नेहमी कळायचं मला. हे एक कळत नाही.

बाराव्याला जानकी आली होती. जेवणं उरकल्यावर ती पातेली घासायला बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. रमणच्या नावाचं काय करायचं हे आपण दोघी इतक्या तावातावानं बोललो, पण मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणून विचारलं.

ती राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मीच सांगितलेलं बाईंना. हिरवं करा म्हणून."

मला हे माहीत नव्हतं, वनिता. तू मला सांगितलं नाहीस. 'जानकीचं म्हणणं आहे' एवढं बोलली असतीस तर मी त्याच क्षणी गप्प बसले असते, आणि ते तुलाही ठाऊक होतं. तिचं दुःख पुढे करून तुला माझ्याशी जिंकायचं नव्हतं. हे आता कळतंय, आणि आता तुला सांगता येत नाही.

मी जानकीला म्हटलं, "पण लोकांना वाटेल तो जिवंत आला."

"वाटू दे. मना काय त्याचं." तिनं पातेलं उपडं केलं. "तो तिकडं नाय आता. तिकडचं काहीच नको त्याच्या नावावर. आणि ती मोकळी जागा पण नको. ती जागा बघितली का वाटतं, अजून कुठंतरी मध्येच हाय तो."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी ते केलं. रमणच्या लेखाला 'घरी' हे लेबल लावलं. हिरव्या अक्षरांत 'घरी आला' उमटलं, नाव इतरांच्या ओळीत येऊन बसलं. पण मी तिथेच थांबले नाही, तेही सांगते. कोडात अजून एक भाग घातला, आणि शीर्षकाच्या खाली, बारीक काळ्या अक्षरांत, एक ओळ आणली: 'तिकडच्या तुरुंगात मृत्यू'. मला ती लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मग पान जानकीला दाखवायला गेले. तिनं हिरव्यावर बोट ठेवलं, मान हलवली. खालच्या ओळीकडे बघून विचारलं, "हे काय?" मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "बारीक हाय ना? ऱ्हाऊ दे. मना वाचता येत नाय."

तू असतीस तर ती ओळ काढायला लावली असतीस. मी काढली नसती. मला अजून वाटतं माझं बरोबर आहे, आणि अजून वाटतं तुझंही बरोबर होतं. हे भांडण असंच राहणार. आपण म्हाताऱ्या झालो असतो तरी मिटलं नसतं, फक्त दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले असते आणि आपण ते पुन्हा उकरून काढलं असतं. मला ते हवं होतं.

या सगळ्यात आणखी एक बोट धरली गेली. तुझे दिवस चालू असतानाच बातमी आली होती. त्यात उधव्याकडच्या एका पाड्यातला तरुण मुलगा आहे, पहिल्याच वर्षी गेलेला. बारावं झाल्यावर मी दोन दिवस वाट बघितली. कशाची ते मलाही सांगता येणार नाही. मग दुकान बंद केलं आणि जीपमध्ये बसले. उतरून बरंच चालावं लागलं. तू स्कूटरनं जायचीस ती वाट पायी किती चढाची आहे हे मला माहीत नव्हतं.

त्याची आई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितलं, कशाला आले ते सांगितलं. ती माझ्या मागे वाटेकडे बघत राहिली.

"बाई नाय आली? नाव लिहायला बाई येते ना?"

तिच्यापर्यंत कुणी ती बातमी पोहोचवलीच नव्हती. तुझ्या जाण्याबद्दल मी तोवर कुणाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं, मी फक्त मान हलवायचे. तिथे मला वाक्य करून बोलावं लागलं. बाई गेली. रस्त्यावर अपघात झाला. बारावंही झालं.

तिनं सूप खाली ठेवलं. आत गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही. थोड्या वेळानं पाण्याचा लोटा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

मग म्हणाली, "तू लिव मग."

तिनं सांगितलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, तिचं नाव, पाडा. मी मोबाइलवर लिहीत गेले, लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. तिनं एकदा पुन्हा वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. मी उठायला लागले तर माझ्या हाताला धरून तिनं मला खाली बसवलं.

"बाईचं नाव सांग. आम्हाला नुसतं बाईच ठाऊक."

मी सांगितलं. वनिता बारक्या, आईचं नाव सोमी, डोंगरीपाडा. ती माझ्यामागून हळूहळू म्हणत गेली. तुझ्या आईच्या नावाशी अडखळली, 'सोनी' म्हणाली. मी म्हटलं, सोनी नाही, सोमी. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.